गाडीचे पारदर्शक कव्हर

जूनमध्ये शाळा सुरू झाली, की घरोघरी वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्याचा कार्यक्रम होतो. डाग पडायचाच असेल तर तो कव्हरावर पडावा, पुस्तकावर नाही, एवढाच त्यामागचा साधा हेतू. मोटारगाडीलाही असेच पारदर्शक कव्हर घालतात, असे आमच्या शाळेतील गणिताच्या बाईंनी सांगितले, तेव्हा आम्हांला आधी हसूच आले.

बाईंनी नवी गाडी घेतली होती. बरीच वर्षे लोकलच्या गर्दीतून ये-जा केल्यावर पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली गाडी. नेरूळहून निघायचे आणि शीव-पनवेल महामार्गाने जायचे, असा त्यांचा रोजचा रस्ता. महिनाभरातच बॉनेटवर दोन ठिकाणी रंगाचे टवके उडाले. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर, खडी-रेतीचे डंपर आणि पावसाळ्यात उखडणारे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. तुर्भ्याच्या एका गॅरेजवाल्याने बाईंना सल्ला दिला, "मॅडम, पूर्ण गाडीला पीपीएफ करून घ्या." पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगाचे रक्षण करणारा पारदर्शक पडदा. खर्च लाखाच्या घरात. त्याने एक प्रात्यक्षिकही दाखवले. फिल्मच्या तुकड्यावर पितळी तारांचा ब्रश घासला, ओरखडे उठले. मग गरम पाणी ओतले आणि ओरखडे दिसेनासे झाले!

बाई आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग सांगा, यात पैसे घालावेत की नाही?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर आम्हांला येत नव्हते. ते शोधताना नववी-दहावीच्या पुस्तकांतले इतके धडे पुन्हा उघडावे लागले, की हा विषय आपल्या शिक्षक-मित्रांपुढे ठेवावा असे वाटले.

रंग असतो तरी किती जाड?

आधी ज्याचे रक्षण करायचे तो रंग पाहू. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची रासायनिक प्रक्रिया करतात. मग संपूर्ण सांगाडा एका हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. विद्युतविलेपन शिकवताना आपण चमच्यावर चांदी चढवतो, त्याचेच हे भावंड. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात.

इतके सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक-दशांश किंवा त्याहून थोडी जास्त. ही जाडी मुलांना हाताने समजावता येते. छपाईच्या साध्या कागदाचे १०० ताव घट्ट दाबून मोजपट्टीने मोजा. उंची सुमारे १ सेंटिमीटर भरेल. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटरचा. गाडीचा सगळा रंग या एका कागदाएवढा किंवा त्याहून थोडाच जाड! आणि संरक्षक फिल्म? ती साधारण १५० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे दीड-दोन कागदांएवढी. हे 'कागदाचे माप' लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

एका खड्याचा मार

आता खड्याकडे वळू. महाराष्ट्रातल्या बहुतेक रस्त्यांची खडी काळ्या बेसॉल्टची, सह्याद्री ज्याचा बनला आहे त्याच दगडाची. त्यातील फेल्डस्पार खनिजाची काठिण्यता मोहच्या मापनश्रेणीवर ६ आहे. साध्या चाकूचे पाते ५.५च्या आसपास. म्हणजे चाकूने ओरखडा उठत नाही अशा खनिजाचा तुकडा एका कागदाच्या जाडीच्या रंगावर येऊन आदळतो.

समजा, पुढच्या डंपरच्या चाकाने १ ग्रॅमचा खडा उडवला आणि तो हवेत जवळजवळ स्थिर असताना आपली गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने त्याच्यावर आदळली. वेग झाला सेकंदाला २२.२ मीटर. गतिज ऊर्जेच्या सूत्रात किमती घातल्या, की उत्तर येते सुमारे ०.२५ ज्यूल. वर्गातले १०० ग्रॅमचे डस्टर २५ सेंटिमीटर उंचीवरून पडले, तर त्याच्याकडे एवढीच ऊर्जा असते. डस्टर पडल्याने टेबलाचा रंग उडत नाही, मग खड्याने गाडीचा का उडतो? कारण डस्टर पसरट पडते, तर खड्याचे टोक सुईसारखे एका बिंदूवर बसते. बल तेवढेच असले तरी क्षेत्रफळ अत्यल्प, म्हणून दाब प्रचंड.

आणखी एक गोष्ट येथे मुलांकडून काढून घेता येईल. वेग निम्मा केला, ताशी ४० किलोमीटर, तर ऊर्जा निम्मी होत नाही, पाव होते. टवक्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय कोणता, हे यातून कळते. डंपरच्या मागे अंतर ठेवून सावकाश चालावे!

मऊ पदार्थाने रक्षण कसे होते?

दगडापासून वाचवायचे तर दगडाहून कठीण चिलखत हवे, असे पहिल्यांदा वाटते. ही फिल्म तर बोटाने दाबली तरी दबते. मग ती वाचवते कशी?

याचे उत्तर क्रिकेटच्या मैदानावर मिळते. वेगाने आलेला चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो. चेंडूची ऊर्जा तेवढीच असते, पण ती जास्त अंतरात मुरवली, की हातावर येणारे सरासरी बल कमी होते. फिल्म हेच करते. खडा टेकताच ती दबते, आजूबाजूला ताणली जाते, मार मोठ्या क्षेत्रफळावर वाटते आणि मग पूर्ववत होते. तिची जाडी मिलिमीटरच्या एक-पंचमांशाएवढीच आहे हे खरे. पण एका कागदाएवढ्या रंगाच्या दृष्टीने हे 'हात मागे घेणे' पुष्कळ झाले.

ही कल्पना गाड्यांसाठी सुचलेली नव्हती. १९६०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या पुढच्या कडा धूळ-वाळूच्या माऱ्याने झिजत. त्यांवर पॉलियुरेथेनच्या फिती चिकटवण्यात आल्या. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या वर असतो. आपल्या गाडीच्या वेगाच्या दहा पट वेग धरला, तर त्याच वस्तुमानाच्या कणाची ऊर्जा झाली शंभर पट. वाळूच्या अशा माऱ्यात धातू झिजत जातो, पण लवचिक पॉलियुरेथेन कणाला परतवून लावते. पुढे हीच फीत शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि तेथून रोजच्या वापरातल्या गाड्यांवर. आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या कडांनाही अशा फिती लावतात.

पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा शोध जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. गादीतला फोम आणि बुटाचा तळ हे त्याचेच अवतार. फिल्मसाठी वापरतात ते पॉलियुरेथेन म्हणजे लांबच लांब साखळ्या. साखळीचा काही भाग मऊ, उकडलेल्या शेवयांसारखा गुंतागुंतीचा. काही भाग ताठर. वेगवेगळ्या साखळ्यांचे ताठर भाग हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात आणि गाठींसारखे काम करतात. शेवयांमुळे ताणले जाणे शक्य होते, गाठींमुळे परत येणे.

ओरखडा 'भरून येतो' म्हणजे काय?

आता गॅरेजवाल्याच्या गरम पाण्याकडे येऊ. फिल्मच्या पृष्ठभागावर आणखी एक अतिपातळ लवचिक थर दिलेला असतो. ओरखडे नाहीसे होतात ते मुख्यतः या थरात. पण 'भरून येतो' या शब्दाने गल्लत होते. हाताला खरचटले, की शरीर नव्या पेशी तयार करते. येथे नवे काहीही तयार होत नाही. ब्रशच्या तारेने पदार्थ फक्त बाजूला सारला जातो. साखळ्या ताणल्या जातात आणि तशाच अडकून पडतात. उष्णता मिळाली, की त्यांची हालचाल वाढते आणि त्या पुन्हा मूळच्या गुंतलेल्या अवस्थेकडे परततात. म्हणूनच ही किमया उन्हात उभ्या केलेल्या गाडीवरही होते.

याची ओळख रबराच्या छल्ल्याने करून देता येईल. जाड छल्ला चटकन ताणून ओठांना लावा. तो किंचित कोमट लागेल. ताणलेलाच धरून थोडा वेळ थांबा, मग एकदम सैल सोडून पुन्हा ओठांना लावा, गार लागेल. हे निरीक्षण १९व्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील जॉन गॉफ यांनी नोंदवले. गॉफ लहानपणीच देवीच्या रोगाने अंध झाले होते; डोळ्यांनी न दिसणारी गोष्ट त्यांनी ओठांनी टिपली. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन हे त्यांचे विद्यार्थी. आता छल्ल्याला वजन टांगून त्यावर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडा. धातूची तार तापली की लांबते. ताणलेले रबर मात्र आखडते आणि वजन वर उचलले जाते. साखळ्या 'गुंतू पाहतात' म्हणजे काय, ते मुलांना डोळ्यांनी दिसते.

आणि म्हणूनच या किमयेला मर्यादाही आहे. जो पदार्थ बाजूला सरकला तो परत येतो. जो खरवडून निघून गेला तो कोठून येणार? खिळ्याने किंवा किल्लीने फिल्म चिरली गेली, तर गरम पाण्याची कितीही भांडी ओता, चीर सांधणार नाही. आम्ही गॅरेजवाल्याला ब्रशऐवजी खिळ्याने खोल रेघ ओढायला सांगितले. तो हसला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, ते नाही भरत."

चिकटवायचे आणि तेही साबणाच्या पाण्यात?

प्रत्यक्ष काम कसे चालते, ते आम्ही एका दुपारी बसून पाहिले. गाडी धुऊन, रंगात रुतलेले कण काढून स्वच्छ केली होती. कारागिराने बॉनेटवर लहान मुलांच्या शाम्पूचे पाणी फवारले, फिल्मच्या चिकट बाजूवरही फवारले आणि ती ओलीच्या ओली बॉनेटवर टाकली. आम्ही चक्रावलो. चिकटवायची वस्तू कोणी साबणाने भिजवते काय?

या फिल्मचा गोंद वाळून घट्ट होणारा नाही, तर दाबाने चिकटणारा आहे. गोंद आणि रंग यांचे रेणू अगदी निकट आले, की त्यांच्यातील आकर्षणबले कामाला लागतात. मध्ये पाण्याचा पापुद्रा असेल, तर निकट येणेच होत नाही आणि फिल्म बोटाने हवी तशी सरकवता येते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे थेंब न बनता पाणी सर्वत्र सारखे पसरते. जागा नक्की झाली, की रबरी पट्टीने पाणी मधून कडेकडे ढकलत बाहेर काढायचे. जेथून पाणी गेले तेथे फिल्म धरते. जेथे चटकन चिकटायला हवी, त्या कडांवर साबणाऐवजी थोडे अल्कोहोल मिसळलेले पाणी फवारतात. वर्गातल्या खिडकीच्या काचेवर रुंद चिकटपट्टी एकदा कोरडी आणि एकदा साबणपाण्यात लावून पाहा. फरक लगेच कळेल.

चिकटपट्टीचे आणि गाडीच्या रंगाचे नाते तसे जुनेच आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची आवड होती. एका रंगाशेजारी दुसरा देताना कागद चिकटवावा लागे आणि तो काढताना ताजा रंगही निघून येई. रंगाऱ्यांची ही चिडचिड ऐकून थ्री-एम कंपनीतील रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ साली सहज निघणारी मास्किंग टेप तयार केली. १९३० साली त्यांनीच पारदर्शक चिकटपट्टी आणली, जी आज प्रत्येक दप्तरात असते.

काम झाल्यावर फिल्मखाली पाण्याचे काही बारीक फुगे राहतात. पाण्याची वाफ पॉलियुरेथेनमधून हळूहळू बाहेर पडते आणि हे फुगे काही दिवसांत जातात. खाली अडकलेला धुळीचा कण मात्र कायमचा. म्हणून हे काम उघड्यावर नव्हे, बंद खोलीत करतात आणि त्यानंतर काही दिवस गाडी धुऊ नये असे सांगतात. नवी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत हे वाळणे आणखी सावकाश होते.

सपाट पडदा, गोल गाडी

बॉनेट फार वेळ घेत नाही. बंपर आणि आरशाची पाठ खरी परीक्षा घेतात. का? एक वर्तमानपत्र घ्या. ते डब्याभोवती गुंडाळा, छान बसते. तेच नारळावर बसवून पाहा, चुण्या पडल्याशिवाय राहत नाहीत. डब्याचा बाक एकाच दिशेने असतो, नारळाचा दोन्ही दिशांनी. असा पृष्ठभाग सपाट कागदाने ताणल्या-चुरगळल्यावाचून झाकता येत नाही, हे गाउस या गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केलेल्या प्रमेयातून निघते. पृथ्वीचा सपाट नकाशा बिनचूक काढता येत नाही, त्याचेही कारण हेच. हे ऐकून आमच्या बाईंना फारच आनंद झाला!

म्हणून कारागीर फिल्म गरम हवेने मऊ करतो आणि ताणतो. पण ताणलेली वस्तू परत आखडू पाहते, हे आपण छल्ल्यावर पाहिलेच. ज्या गुणामुळे ओरखडा जातो, त्याच गुणामुळे जास्त ताणलेली फिल्म काही आठवड्यांनी कडेला सुटू लागते. सुटलेल्या कडेखाली पाणी आणि मळ शिरतो.

दोन कागद कापायचे, तिसरा नाही

आता आपले कागदाचे माप पुन्हा काढू. फिल्म बसवल्यावर कडेचा जादा भाग कापावा लागतो. काही ठिकाणी संगणकावरच्या मापाने तुकडे आधीच कापून आणतात; पण पुष्कळ कारागीर फिल्म गाडीवर टाकूनच ब्लेडने कापतात. वरती दोन कागदांची फिल्म, खाली एका कागदाचा रंग. दोन कागद कापायचे आणि तिसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, असे हे काम आहे.

हात जरा जड पडला तर? आमच्या परिचयातील एकाने दुसऱ्या एका दुकानात बसवलेली फिल्म काही कारणाने काढून घेतली. दाराच्या कडेने रंगावर सरळ, बारीक रेघ उमटलेली होती. खड्याने नाही, कव्हर घालणाऱ्या ब्लेडनेच रंग कापला होता. अशी चीर पत्र्यापर्यंत पोहोचली, तर ठाण्याच्या खाडीकडून येणारी खारी, दमट हवा गंजाला आमंत्रणच देते. रक्षण करणारी वस्तू कितीही उत्तम असली, तरी ती लावणाऱ्या हातावर सगळे अवलंबून असते.

बाईंना आम्ही काय सांगितले?

पहिली गोष्ट, सगळ्या गाडीला फिल्म लावण्याची गरज नाही. खड्यांचा मार समोरून येतो. बंपर, बॉनेट आणि आरशांच्या पाठी एवढे झाकले, तरी मुख्य काम होते. छपरावर खडे पडत नाहीत.

दुसरी, फिल्म कशाची आहे हे विचारावे. स्वस्त फिल्म पीव्हीसीची असू शकते. तिला लवचिक ठेवणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात, मग ती कडक होते आणि तडकते. पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती. ज्याच्या घडणीत बेंझिनसारखी वलये असतात ते उन्हाने पिवळे पडते. जुन्या गादीचा फोम पिवळा पडलेला आपण पाहतोच. वलयांऐवजी सरळ किंवा संपृक्त साखळ्यांचे असेल, ते फारसे पिवळे पडत नाही. तेव्हा कागदावर काय लिहून मिळते आणि कोणत्या दोषाची हमी आहे, हे वाचूनच पैसे द्यावेत.

तिसरी, सिरॅमिक कोटिंग म्हणजे फिल्म नव्हे. त्याचा थर काही मायक्रोमीटरचाच. त्याने पाणी-मळ सहज निघून जातो, पण खडा अडत नाही. त्याच्या जाहिरातीतले '९ एच' हे मोहच्या श्रेणीवरचे ९ नव्हे. ती पेन्सिलींच्या कठीणपणाची श्रेणी आहे, आपल्या कंपासपेटीतल्या 'एच' आणि 'एचबी'ची.

चौथी, ब्लेडने गाडीवरच कापणार का, हे आधी विचारावे आणि कारागिराचे काही महिन्यांपूर्वीचे काम कडांपाशी वाकून पाहावे.

फिल्मने पत्र्याला पडणारा पोचा थांबत नाही आणि आधी उडालेला टवका दुरुस्त होत नाही, हेही सांगितले. शिवाय ही फिल्म काही वर्षांनी काढावीच लागते, आणि गोंद लागलेल्या अशा प्लॅस्टिकचा पुनर्वापर अवघड असतो. जितकी कमी लावू तितका कचरा कमी.

बाईंनी पुढच्या भागापुरतीच फिल्म लावून घेतली. खर्चही बराच वाचला. कापण्यासाठी त्यांनी आधीच कापून आणलेल्या तुकड्यांचा आग्रह धरला आणि कारागिराला विचारले, "तू ब्लेडने कापतोस, तेव्हा खाली लागले नाही हे तुला कसे कळते?" तो म्हणाला, "हाताला कळतं बाई. आवाज बदलतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही शिक्षकांच्या खोलीत तीन कागद एकावर एक ठेवून ब्लेडने वरचे दोनच कापण्याचा प्रयत्न केला. आम्हां पाच जणांपैकी एकालाही तो साधला नाही. तुम्हीही करून पाहा, पण हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, मुलांच्या हाती ब्लेड देऊ नये. मुलांसाठी मात्र हे प्रश्न ठेवा: खड्याचे वस्तुमान दुप्पट झाले तर ऊर्जा किती वाढेल, आणि वेग दुप्पट झाला तर किती? मोबाइलच्या काचेवर लावतात ते कडक संरक्षण आणि गाडीवरची मऊ फिल्म यांची काम करण्याची पद्धत एकच आहे का? आणि तुमच्या घरात अशा कोणत्या मऊ वस्तू आहेत, ज्या कठीण वस्तूंना वाचवतात?